तोंड काळं करताना

आमच्या घरी कुकर लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची पिळून उरलेली साल टाकायची पद्धत आहे. तुमच्याकडेही असेल. का टाकतात असं लहानपणी विचारलं की आई म्हणायची, 'नाहीतर कुकर काळा पडतो.' बस्स, विषय संपला. ॲल्युमिनियमचं भांडं, जड पाणी, त्याने धरणारा काळपट थर आणि तो थर धरू न देणारं लिंबातलं ॲसिड, एवढी मोठी केमिस्ट्री एका सालीत आहे हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तेसुद्धा उलट्या बाजूने!

म्हणजे झालं असं की गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी मी गॅसवर स्टीलचं एक बाद पातेलं चढवलं. त्यात टँकरचं पाणी. (आमच्या सोसायटीत नळाचं पाणी ही अफवा आहे.) पाण्यात लिंबू नाही, बटाटा नाही, काही नाही. नुसते ॲल्युमिनियमचे चार तुकडे. अर्ध्या तासाने झाकण काढलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, 'आई, काळे पडले!' आईच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही दिसला नाही. तिने फक्त विचारलं, 'ते पातेलं आता कायमचं तुझं ना?'

याच्या मुळाशी माझा मामा आहे.

मामा भोसरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं होता. रिटायर झाल्यावर माणसं ट्रेक करतात, गीतेचे क्लास लावतात. मामाने कोथरूडच्या फ्लॅटची गॅलरी बंद करून तिथे टेबलावर बसणारा छोटा लेथ आणून ठेवला आणि माथेरानच्या गाडीचं इंजिन करायला घेतलं. नेरळ-माथेरान लाइन १९०७ ची, रुळांमधलं अंतर दोन फूट. मामाचं मॉडेल ४५ मिलिमीटरच्या रुळावर चालणार, म्हणजे खऱ्यापेक्षा साधारण साडेतेरापट लहान. आत वाफ नाही, बॅटरी आहे. 'वाफेचं पण केलं असतं, पण तुझ्या मामीला घर हवंय,' असं तो सांगतो. लहानपणी तो त्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बसायचा आणि डोळ्यांत कोळशाचे कण जायचे. त्याला नेमकं ते इंजिन हवंय. शोकेसमधलं चकचकीत नाही, कामावरून आलेलं.

२०२१ मध्ये मामाला पार्किन्सन्सचं निदान झालं. उजवा हात आधी गेला. गेला म्हणजे आहे, पण ऐकत नाही. लेथवर आता मामीची जुनी नऊवारी घातलेली असते.

तर मे महिन्यात त्याचा फोन. 'पत्रकारबाई, इंजिन झालंय. फक्त तोंड काळं करायचंय. येतेस का?'

इंजिनाचं बघितलं तर सगळं अंग पितळी पत्र्याचं, आणि ते मामाने तब्येत बरी असताना स्वतःच काळवून ठेवलेलं. पितळ त्या बाबतीत गुणी. पण धुराडं, त्यामागचा घुमट, पुढचं गोल दार आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्यांची झाकणं, हे सगळं ॲल्युमिनियमचं. का, तर छोट्या लेथवर ॲल्युमिनियम लोण्यासारखं कापलं जातं आणि पितळेच्या जाड गोल बारचा भाव विचारायची सोय राहिलेली नाही. परिणाम असा की शोकसभेला आलेल्या माणसांत एक बँडवाला उभा राहावा, तसं ते धुराडं चमकत होतं.

'मग स्प्रे मार ना काळा. मॅट.' मी आपलं म्हटलं.

मामाने मला त्याचं पहिलं मॉडेल दाखवलं. तिथे त्याने स्प्रेच मारलेला. एकेक करून ठोकलेली रिव्हेटं रंगाखाली अशी बुडाली होती की वाटावं, साबणाची वडी आहे. रंगाला जाडी असते. खऱ्या इंजिनावर ती दिसत नाही, पण साडेतेरापट लहान इंजिनावर रंगाची जाडी लहान होत नाही ना! केमिकल पॅटिनाला जवळजवळ जाडीच नसते. धातूचाच चेहरा बदलतो, लेथच्या बारीक रेघासुद्धा तशाच राहतात. मला फंडा पटला.

आता पॅटिना म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, ते कळकणं म्हणजे तिची थोरली बहीण. कल्हईवाला ज्याला शत्रू मानायचा त्याला मॉडेलवाले आणि मूर्तिकार सौंदर्य म्हणतात. न्यूयॉर्कची ती प्रसिद्ध लिबर्टीबाई १८८६ मध्ये उभी राहिली तेव्हा चक्क तांबूस होती. साधारण १९२० पर्यंत ती पूर्ण हिरवी झाली. तिचा तांब्याचा पत्रा अडीच मिलिमीटरपेक्षाही पातळ, पण त्या हिरव्या थरानेच तो आजवर टिकवला.

ॲल्युमिनियमचं मात्र वेगळं. गंमत बघा, त्याच १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी वेगवेगळं बसून ॲल्युमिनियम विजेने स्वस्तात काढायची पद्धत शोधली. त्याआधी हा धातू चांदीच्या पंगतीत बसायचा. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकाचं अगदी वरचं टोक ॲल्युमिनियमचं बसवलं ते हौसेने! आणि लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला तो पंखवाला पुतळा, ज्याला सगळे इरॉस म्हणतात, तो १८९३ मध्ये तिथे उभा राहिला. तो ॲल्युमिनियमचा. लंडनचा धूर आणि पाऊस खाऊनसुद्धा हिरवा नाही, निळा नाही, नुसता राखाडी. हा धातू म्हातारा व्हायला तयारच नसतो.

कारण त्याच्या अंगावर चिलखत असतं. ॲल्युमिनियम कापलं रे कापलं की हवेतला ऑक्सिजन त्या ताज्या जागेवर झडप घालतो आणि ऑक्साइडचा थर धरतो. जाडी अवघी दोन ते चार नॅनोमीटर. ज्या कागदावर तुम्ही हे वाचताय त्याची जाडी लाखभर नॅनोमीटर असते, त्यावरून हिशेब करा. पण हा थर इतका घट्ट आणि बिनछिद्रांचा असतो की पुढे काही आत शिरत नाही. ओरखडा काढा, तो परत भरतो. आपण ज्याला ॲल्युमिनियमची चमक म्हणतो ती या काचेसारख्या चिलखतातून दिसणारी चमक. म्हणून तांब्या-पितळेवरच्या युक्त्या इथे चालत नाहीत. चांदी काळी करायचं गंधकाचं द्रावण ॲल्युमिनियमच्या बाबतीत व्यर्थ. आधी चिलखत फोडायचं आणि ते परत चढायच्या आत आपलं काम उरकायचं, एवढाच काय तो मार्ग.

पातेल्यात उकळलेल्या तुकड्यांचं काय झालं? काळे म्हणजे राखाडी-तपकिरी, ढगाळ, एका बाजूला जास्त. मामाने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, 'कुकर म्हणून ठीक आहे.'

मग मागवलं ते बाटलीतलं औषध. ॲल्युमिनियम काळं करायचं तयार द्रावण मिळतं, बंदुकांचे सुटे भाग आणि कॅमेरे दुरुस्त करणारे लोक ते वापरतात. निळसर पाणी दिसतं. आत मुख्यतः सेलेनियमचं ॲसिड आणि तांब्याचे क्षार. काम करण्याची तऱ्हा देवाणघेवाणीची. ॲल्युमिनियमचे अणू द्रावणात उतरतात, बदल्यात द्रावणातलं तांबं आणि सेलेनियम धातूवर येऊन बसतं, आणि त्यांचं मिळून जे होतं ते काळंभोर असतं. म्हणजे हा काळा रंग ॲल्युमिनियमचा नाहीच, पाहुण्यांचा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला प्रयोग मी थेट धुराड्यावर करणार नव्हते, एवढी अक्कल होती. जुन्या बाजारातून अँप्लिफायरचे ॲल्युमिनियमचे खटके आणले. घासले, पुसले, द्रावण लावलं, घड्याळ लावलं. एक मिनिट... दोन... पाच. ढिम्म! औषध बनावट निघालं म्हणून मी तक्रारीचा मेल लिहायला घेतला, तेवढ्यात मामा म्हणाला, 'मल्टिमीटर आण.' त्याने दोन्ही टोकं खटक्यावर टेकवायला सांगितली. सर्किट लागेना. धातूवर सर्किट नाही? 'ॲनोडाइज्ड आहे गं ते.' म्हणजे कारखान्यात ॲसिडच्या टाकीत विजेने त्या ऑक्साइडच्या थराची जाडी हजारो पट वाढवलेली असते. तो थर वीज वाहूच देत नाही. चिलखतावर आणखी चिलखत, औषध बिचारं काय करणार? तेव्हा पहिली टिप: तुमच्या आरसी गाडीचा, कीबोर्डचा, पेनाचा पार्ट काळा करायच्या आधी मल्टिमीटर लावा. बीप वाजला नाही तर आधी ते ॲनोडायझिंग उतरवायला लागेल.

उतरवायला आणि चिलखत फोडायला एकच अस्त्र आहे, कॉस्टिक सोडा. मी सांगते, मला याची जाम भीती वाटली. तुंबलेल्या मोऱ्या उघडायला वापरतात ती चीज! मामाचा हिशेब एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम. पाण्यात सोडा टाकायचा. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर येतं. डोळ्यांना गॉगल, हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा, आणि सगळं उघड्या गॅलरीत, कारण ॲल्युमिनियम त्यात पडलं की जे बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो. जवळपास काडी पेटवायची नाही आणि त्या डब्याला चुकूनही झाकण लावायचं नाही. आईने त्या डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात 'विष' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तिचं बरोबरच आहे. आपल्याकडे श्रीखंडाचा डबा दिसला की माणूस आत बोट घालतोच.

पण सोड्याच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आणि जास्त कंटाळवाणं. धुणं. लेथचं तेल, हाताचं तेल, भांडी पुसायच्या फडक्याचं तेल, सगळं जायला हवं. आधी ॲसिटोन, मग भांड्यांचा साबण, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, पुन्हा साबण. झालं की नाही हे कसं ओळखायचं? वरून पाणी सोडायचं. पाण्याचे मोती झाले तर तेल आहे. पाणी सपाट पदरासारखं पसरलं, कुठेही फाटलं नाही, तर स्वच्छ. मामाने मला पाच वेळा परत पाठवलं. पाचव्यांदा मी म्हटलं, 'मामा, लग्नाला चाललंय का हे धुराडं?' तर म्हणाला, 'एक अंगठा लागला तर तुझा ठसा त्याच्यावर कायमचा राहील. पोलिससुद्धा इतका स्वच्छ ठसा घेत नाहीत.'

मग मात्र सगळं पटापट. सोड्यात तीस सेकंद. चमक जाऊन अंग दुधी राखाडी होतं. नळाखाली खळखळून धुवायचं आणि वाळू न देता, ओलं असतानाच, कापसाच्या बोळ्याने द्रावण. आणि काय सांगू तुम्हाला! आधी पिवळट, मग तपकिरी, मग कडेकडेने येणारी काळी सावली. एका मिनिटात बँडवाल्याच्या अंगावर सुतकी कोट चढला. धुवायचं, हिरव्या घासणीने अलगद पुसायचं, परत एक हात. तीन हातांत धुराडं असं झालं की त्याच्यातून धूर आला असता तरी मला नवल वाटलं नसतं. मामाने खुर्ची पुढे ओढली. त्याचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. हात थरथरतात तेव्हा तो असं बसतो. 'वरच्या कडेला थोडं घास,' तो म्हणाला. 'तिथे कोळसेवाल्याचा हात लागतो.' मी घासलं. कडेला करडा धातू उघडा पडला आणि एकदम ती वस्तू वापरातली वाटायला लागली.

घुमट झाला, पुढचं दार झालं. दाराला थोडा त्रास झाला, कारण ते ओतीव ॲल्युमिनियमचं होतं. ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन बरंच असतं, ते सोड्यात विरघळत नाही आणि काळी काजळी होऊन वर राहतं. बाकीच्यांसाठी डोकेदुखी, आम्हाला फुकटचा धूर!

इथपर्यंत मी हीरो होते.

टाकीची झाकणं उरली होती. दोन, प्रत्येकी दोन रुपयांच्या नाण्याएवढी. मला वाटलं, यांना वेगळं काहीतरी करू. पाण्याजवळची जागा, तिथे तांबूस, गंजकट छटा यायला हवी. तशी एक पद्धत मी वाचली होती आणि ती घरगुती असल्याने माझा त्यावर विश्वास बसला. मोरचूद आणि मीठ. मोरचूद नाशिककडचे द्राक्षवाले पोत्यांनी घेतात, चुन्यात मिसळून बोर्डो फवारतात, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. नुसत्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात ॲल्युमिनियम टाकलं तर तासभर काहीही होत नाही. चिमूटभर मीठ टाका आणि बघा. मिठातलं क्लोराइड त्या चिलखताला भोकं पाडतं आणि तांबं धडाधड बाहेर येऊन बसतं. बुडबुडे, उष्णता, निळं पाणी फिकं पडतं आणि धातूवर मखमली लालसर तपकिरी साय. शाळेत हा प्रयोग दाखवला असता तर मी कदाचित मास कॉमला गेलेच नसते.

मामाला न विचारता मी डावं झाकण घरी आणलं, मोरचूद-मिठात बुडवलं, काढलं, नळाखाली धरलं. दहाएक सेकंद धरलं असेल, कारण ती मखमल जोराच्या धारेने निघत होती आणि मला ती हवी होती. वाळवलं. वर क्लिअर लॅकर मारलं. अप्रतिम! फोटो काढून मामाला पाठवला. त्याने फक्त विचारलं, 'किती धुतलंस?'

'धुतलंय रे.'

दोन आठवड्यांनी, भर जुलैत, मामीचा फोन आला. 'अगं, त्या झाकणाला बुरशी आली आहे का बघ बाई.'

बुरशी नव्हती. लॅकरच्या खालून पांढरी भुकटी फुलून वर आली होती, खपली धरावी तशी. टोकरलं तर लॅकर, मखमल सगळं एका पापुद्र्यात निघालं आणि खाली ॲल्युमिनियमला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. काय झालं होतं ते आता मला तोंडपाठ आहे. तांबं आणि ॲल्युमिनियम चिकटून असले आणि मध्ये खारट ओल असली की ती बॅटरी होते. खरीखुरी बॅटरी. तीत झिजतं ते ॲल्युमिनियम, तांबं मजेत राहतं. मी तर कोपऱ्याकोपऱ्यात मीठ ठेवून वर लॅकरचं झाकण घातलं होतं आणि पुण्याच्या पावसाळ्याने बाकीचं केलं. पाहुण्यांनी घर खाल्लं.

'दुसरं करून घेऊ की,' मी मामीला म्हटलं. 'भोसरीतल्या तुमच्या त्या मित्रांकडून. धुराडं त्यांनीच केलंय ना सीएनसीवर?'

मामी स्वयंपाकघरात होती. तिने हळूच सांगितलं, धुराडं, घुमट आणि दार नंतर बाहेरून करून आणले. ती दोन झाकणं २०२० च्या दिवाळीत मामाने स्वतः केलेली. त्यानंतर त्याने लेथ चालू केलेला नाही.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

मामा ओरडला नाही. तो माझ्यावर कधीच ओरडत नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटतं. दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने केला आणि अगदी टूलरूमच्या आवाजात सूचना दिल्या. सगळा पापुद्रा ब्रशने काढ. सोड्यात वीस सेकंद, जास्त नाही, आधीच जाडी गेली आहे. मग धू, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात बुडव म्हणजे राहिलेला सोडा मरेल, मग डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, क्षार असतात, शेवटचं धुणं डिस्टिल्डचंच. पाच मिनिटं धू. घड्याळ लावून. हेअर ड्रायरने भोकाभोकातून वाळव. मग बाटलीतलं काळं, दोन हात. परत पाच मिनिटं धुणं. वर लॅकर नको, मेण. गाडीच्या पॉलिशचं चालेल, झाकण कोमट असताना लाव म्हणजे खड्ड्यात उतरेल.

'आणि बाटलीतल्या काळ्यातसुद्धा तांबं असतंच,' तो म्हणाला. 'तेव्हा धुणं धुराड्यालाही लागू आहे. ये आणि सगळं परत धू.'

गेले. सगळं परत धुतलं. धुराड्याला आधी जेमतेम मिनिटभर धुतलेलं, पण तिथे मीठ नव्हतं म्हणून वाचलं. मेण घासलं. मेणाने काळा रंग एक छटा आणखी गडद होतो आणि हाताला लागत नाही, ही दुसरी टिप. तिसरी टिप वापरलेल्या द्रावणाची. सेलेनियम विषारी आहे, ते बेसिनमध्ये ओतायचं नाही. माझ्याकडे ते झाकणाच्या बाटलीत, नाव लिहून, कपाटाच्या वरच्या खणात आहे आणि घातक कचरा म्हणून वेगळं जाणार आहे. कॉस्टिकचा डबा मात्र उघडाच ठेवून बुडबुडे पूर्ण थांबू दिले. उरलेल्या मोरचुदाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. आई म्हणते, गुलाबावर मार.

खड्डे गेले नाहीत. खड्डे जाणारच नव्हते. काळं झाल्यावर ते झाकण ओतीव लोखंडासारखं दिसायला लागलं, खरखरीत, जुनं. खरं सांगायचं तर उजव्या झाकणापेक्षा जास्त खरं. मी हे मामाला म्हटलं. 'उगाच खूश होऊ नकोस,' तो म्हणाला. 'नुकसान ते नुकसान.' मग भिंगातून बराच वेळ बघत बसला. भिंग हलत होतं, म्हणून मी त्याच्या मनगटाखाली माझा हात धरला. त्याने तो काढला नाही.

ऑगस्टमध्ये इंजिन हॉलच्या फळीवर गेलं. खड्ड्यांचं झाकण डावीकडचं, म्हणून डावी बाजू भिंतीकडे. ते मीच ठेवलं तसं, गुपचूप. पावसाळा संपेपर्यंत मी दर रविवारी जाऊन पांढरं काही दिसतंय का ते बघायचे. दसऱ्यापर्यंत काही दिसलं नाही.

दिवाळीत फराळाला गेले तर इंजिन उलटं फिरवून ठेवलेलं. डावी बाजू दारातून आत येणाऱ्यासमोर.

'हे कुणी केलं?' मी विचारलं.

'त्या बाजूने उजेड बरा पडतो,' मामा म्हणाला आणि मामीला चहा टाकायला सांगितला.